अमेरिकेत पोलीस किंवा अग्निशमन दलाच्या वायरलेसवर शिवी दिली तर तुरुंगवास होतो का?

कायद्यात तरतूद आहे. तिथल्या संघीय कायदेसंहितेच्या १८व्या भागातलं, म्हणजे फौजदारी कायद्यांच्या भागातलं, कलम १४६४ रेडिओवरून अश्लील, असभ्य किंवा शिवराळ बोलण्याला दंड किंवा २ वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही सांगतं. यात 'रेडिओ' म्हणजे फक्त आकाशवाणीसारखं प्रसारण नव्हे. शब्द व्यापक आहेत. पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने असभ्य भाषेबद्दल जो गाजलेला निकाल दिला, तो दिवसाढवळ्या घराघरांत ऐकू जाणाऱ्या प्रसारणाबद्दल होता. गस्तीवरच्या शिपायाच्या तोंडून निसटलेल्या शिवीचं प्रकरण सहसा खात्यातच निपटतं: समज, लेखी नोंद, फार तर शिस्तभंगाची कारवाई.

खात्यांना खरी काळजी वेगळीच असते. साध्या चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं. बटण दाबून तुम्ही राग काढत असाल तेवढा वेळ धुरात अडकलेल्या जवानाची 'मेडे' (जीव धोक्यात असल्याची) हाक दबून जाऊ शकते. शिवाय बहुतेक बोलणं रेकॉर्ड होतं. ते कोर्टात वाजवलं जाऊ शकतं, आणि चॅनेल एन्क्रिप्टेड (बाहेरच्यांना न कळणाऱ्या सांकेतिक रूपात) नसेल तर घरी स्कॅनर (असे वायरलेस संदेश ऐकण्याचा रेडिओ) लावून बसलेली माणसंही ऐकतात. गाडीच्या सीटखाली माइकचं बटण दाबलं जाऊन खासगी गप्पा हवेत जाणं, हा तर नेहमीचा घोळ.

मात्र समोरून गोळीबार सुरू असताना मदत मागणाऱ्याच्या तोंडून शिवी गेली, तर त्याला धारेवर धरू नये असं माझं ठाम मत आहे. त्या क्षणी ठिकाण कळलं की पुरे.