आईला खरं सांगायचं की धीर द्यायचा?

"आईला कॅन्सर आहे. दादाने तिला सांगितलंय, पित्ताशयाला सूज आहे. ती रोज रात्री विचारते, डॉक्टर काय म्हणाले गं? आणि मी रोज खोटं बोलते. हे पाप नाही का?"

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येणारी घरं बरीच आहेत, आणि ख्रिस्ती घरांत तो जास्तच टोचतो. त्यांतल्या एका लेकीची हकिगत तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

ही बाई नगरकडची, शाळेत शिक्षिका. आई सत्तरीची, मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, सगळ्यांच्या दुखण्याखुपण्याला धावून जाणारी. स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी मुलांना बाजूला घेऊन सांगितलं आणि घरी ठरलं की आईपुढे कोणी काही बोलायचं नाही. तेव्हापासून लेकीने प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घेणं थांबवलं होतं. तोंडात खोटं असताना भाकर कशी घेऊ, असं ती म्हणाली. तिच्या बोलण्यातली दुसरीच गोष्ट मला जास्त लागली. आईने पुन्हा विचारू नये म्हणून ती आता खाटेजवळ फारशी बसतच नव्हती. म्हणजे ज्या दुखण्यात आईला सोबत हवी होती, त्यातच ती एकटी पडली होती.

तिला दोनच वाटा दिसत होत्या: खोटं बोलत राहायचं, नाहीतर रिपोर्ट आईपुढे वाचून दाखवायचा. प्रेषित पौलाने इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात लबाडी टाकून खरं बोला असं म्हटलंय, हे तिला पाठ होतं. पण त्याच अध्यायात तो प्रीतीने सत्याला धरून राहायलाही सांगतो, आणि ऐकणाऱ्याची उन्नती होईल, त्याच्या गरजेला उपयोगी पडेल असंच बोलावं म्हणतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात तर खुद्द येशू शिष्यांना म्हणतो की मला अजून पुष्कळ सांगायचं आहे, पण ते आत्ता तुम्हांला सोसवणार नाही. त्याने त्यांना खोटं काही सांगितलं नाही, आणि सगळं एकदमही सांगितलं नाही.

हा पेच जुना आहे. पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने जवळजवळ हाच प्रसंग मांडला होता: बाप मरणाच्या दारात आहे, त्याचा मुलगा वारला आहे, आणि तो विचारतो, माझा मुलगा बरा आहे ना? या उदाहरणाने आपलंही मन हलतं, असं ऑगस्टीन मान्य करतो. तरी खोट्याला तो परवानगी देत नाही. पण सत्य न बोलणं आणि असत्य बोलणं यांत तो फरक करतो. तो फरक ऐकून या लेकीचा जीव थोडा खाली बसला.

मग भाऊ आला, तो तयारीनेच. बायबलमध्ये मिसरातल्या सुइणी इब्री बाळांना वाचवायला फारो राजाशी खोटं बोलल्या, यरीहो शहरातल्या राहाब नावाच्या बाईने इस्राएली हेर लपवून राजाच्या माणसांना चुकवलं, मग मी आईसाठी खोटं बोललो तर काय बिघडलं? मुद्दा वजनदार आहे. पण त्या बायका जीव घ्यायला आलेल्यांपासून कोणालातरी वाचवत होत्या. इथे आई कोणाचा जीव घ्यायला आलेली नाही; तिला तिच्याच शरीराबद्दल विचारायचंय. मी त्याला विचारलं, तुम्हांला नक्की कशाची भीती वाटते? बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "ती रडली तर मला सावरता येणार नाही." ही भीती खरी होती आणि तिच्याबद्दल मला आदर वाटला. पण ती आईची नव्हती, त्याची होती.

बायबलमधल्या नीतिसूत्रांत म्हटलंय की ऐकून घेण्याआधी उत्तर देणं मूर्खपणाचं. या घरात सगळे उत्तरावर भांडत होते; आईला किती ऐकायचंय हे कोणी विचारलंच नव्हतं. म्हणून आम्ही आधी प्रश्न तयार केला: "आई, तुला आजाराबद्दल काय वाटतंय? डॉक्टरांचं सगळं तुला ऐकायचंय, की आम्ही बघू?" ती नको म्हणाली तर तिथेच थांबायचं, पण सुजेचं नाव पुन्हा काढायचं नाही. हो म्हणाली तर ती विचारेल तेवढंच, छोट्या वाक्यात, आणि मग गप्प बसायचं.

आई म्हणाली, "नुसत्या सुजेला एवढी औषधं देत नाहीत, एवढं मला कळतं." तिने एकच विचारलं: मी बरी होणार का? लेक म्हणाली, "पूर्ण बरं करता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. दुखणं कमी ठेवता येईल, आणि आम्ही इथेच आहोत." किती महिने, हे आईने विचारलं नाही, म्हणून कोणी सांगितलं नाही.

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. आई जेवेना, भिंतीकडे तोंड करून पडून राही. भाऊ बहिणीवर चिडला, आणि ती घाबरून पुन्हा माझ्याकडे आली. मी तिला बायबलमधल्या हिज्कीया या आजारी राजाची गोष्ट वाचायला दिली. तू मरणार, घराची निरवानिरव कर, असं यशया संदेष्टा त्याला सांगतो. राजा भिंतीकडे तोंड फिरवून रडतो. पण यशया अजून वाड्यातच असताना देव त्याला माघारी पाठवतो: मी तुझी प्रार्थना ऐकली आहे, तुझे अश्रू पाहिले आहेत, असं सांगायला. राजाला तिथे आयुष्य वाढवून मिळालं, तसं या आईला मिळणार नव्हतं. मला ती गोष्ट यशयाच्या माघारी जाण्यासाठी हवी होती. कटू बातमी सांगून दाराबाहेर थांबायचं नसतं. लेक खाटेजवळ जाऊन बसू लागली. बरेचदा काही न बोलता.

हळूहळू आई खाऊ लागली. दुरावलेल्या धाकट्या बहिणीला तिने बोलावून घेतलं. भावाचा राग लगेच गेला नाही, पण वेदनेवरच्या औषधांबद्दल डॉक्टरांशी आता तो आईसमोरच बोलतो. लेक पुन्हा प्रभुभोजन घेते.

मंडळीतल्या लोकांना काय सांगायचं, हा प्रश्न उरला होता. तो आम्ही आईवरच सोडला. प्रार्थनासभेत आजाराचं नाव घ्या, किती दिवस उरले याच्या चर्चा मात्र करू नका, असं तिने पाळकसाहेबांना स्वतः सांगितलं.