वाचक विचारतात : बुजऱ्या कोंबड्या माणसाळवताना

परसातील कोंबडीपालनाविषयी सोलापूर शहर आणि परिसरातून आलेल्या पत्रांत या वेळी आजार किंवा खाद्यापेक्षा एकच तक्रार अधिक आढळली, ती म्हणजे कोंबड्या जवळ येत नाहीत. त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे. तीन आठवड्यांपूर्वी आठवडी बाजारातून चार महिन्यांच्या चार गावरान तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणल्या. मी खुराड्याजवळ गेले की त्या जाळीवर धडका घेतात आणि कोपऱ्यात एकमेकींवर चढतात. जंताचे औषध पाजण्यासाठी दोनदा पकडावे लागले, तेव्हा अर्धा अर्धा तास पळापळ झाली. आता तर दारात कोणी उभे राहिले तरी त्या ओरडतात. मुलांना त्यांना हातात घ्यायचे आहे. शेजारच्या आजी म्हणतात, भेदरलेली कोंबडी अंडी देत नाही. काय करावे?
— एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आपल्या तलंगांमध्ये काही खोट आहे असे मला वाटत नाही. कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे तिला मान न वळवता जवळजवळ चहूकडचे दिसते, आणि उघड्यावर चरणाऱ्या या पक्ष्याला पिढ्यान्पिढ्या घार, शिक्रा यांसारख्या वरून येणाऱ्या शत्रूंना चुकवावे लागले आहे. उभ्या माणसाने वाकून वरून हात घातला की तिला त्यात घारीची झडपच दिसते. त्यातच बाजारातून आलेल्या बहुतेक कोंबड्यांना माणसाची पहिली ओळख होते ती पाय बांधून उलटे टांगले जाताना. घरी आल्यावर अर्धा तास पाठलाग झाला म्हणजे ती ओळख पक्की झाली. पाठलागाच्या एका सकाळी आठवड्याभराची मेहनत वाया जाते, हे मी स्वतः दुरडी घेऊन कोंबड्यांमागे धावण्यात एक अख्खा पावसाळा घालवल्यावर शिकलो.

तेव्हा पहिले काम म्हणजे पकडणे पूर्ण थांबवणे. रोज सकाळी, खाद्य घालण्यापूर्वी, म्हणजे त्यांना भूक असताना, जाळीच्या आत एका बाजूला पाट टाकून वीस मिनिटे बसावे. उभे राहू नये, कारण आपली उंची हीच त्यांची मोठी अडचण असते. पहिले चार-पाच दिवस निव्वळ बसावे. भाजी निवडावी, वर्तमानपत्र वाचावे, पण त्यांच्याकडे टक लावून पाहू नये. बसण्यापूर्वी पत्र्याच्या डब्यात मूठभर ज्वारी घालून तो वाजवावा आणि ती ज्वारी आपल्यापासून चार-पाच हातांवर टाकावी. दुसऱ्या आठवड्यात हे अंतर कमी करत आणावे आणि अखेर उघडा तळहात जमिनीला टेकवून त्यावर दाणे ठेवावेत. चार जणींत एक तरी धीट निघते. ती हातावर टिपू लागली की बाकीच्या तिच्या मागून येतात. चोच लागली तरी हात झटकन मागे घेऊ नये, नाहीतर दचकण्याचा खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ज्वारीने काम होत नसेल तर वाळवी किंवा नाकतोडे आणून पाहावेत, त्यापुढे बहुतेक कोंबड्यांची भीती टिकत नाही. मात्र असा खाऊ रोजच्या आहाराच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा.

औषध पाजणे टळणार नसेल तर ते रात्री करावे. कोंबडीला अंधुक उजेडात फार कमी दिसते, त्यामुळे दांडीवर बसून पेंगू लागलेली तलंग फारसा विरोध करत नाही. दोन्ही हात बाजूंनी, छातीच्या पातळीवरून न्यावेत, पंख अंगालगत राहतील असे धरावे आणि लगेच एका हाताच्या तळव्यावर तिच्या पायांना आधार द्यावा. पाय लोंबकळत राहिले की ती धडपडते. मग तिला काखेत, अंगाशी धरावे. येथे एक सावधगिरी आहे : कोंबडीला आपल्यासारखे श्वासपटल, म्हणजे छाती व पोट यांमधला स्नायूंचा पडदा, नसते, तिचा श्वास छातीचे हाड खाली-वर होण्यावर चालतो, म्हणून लहान मुलाने प्रेमाने का होईना पण छाती आवळली तर ती गुदमरू शकते. काम झाले की तिला पुन्हा त्याच दांडीवर ठेवावे. औषध नसतानाही आठवड्यातून दोन-तीनदा अशी मिनिटभर उचलून ठेवली, तर उचलले जाण्याचा अर्थ दरवेळी काहीतरी कडू पाजले जाणे असा राहत नाही. मुलांनी आधी पाटावर बसून दाणे देण्याचे काम करावे, धरण्याची घाई करू नये आणि नंतर साबणाने हात धुवावेत. कोंबडीच्या चोचीला किंवा पिसांना तोंड लावू देऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा सकाळी दहा ते सायंकाळी पाचपर्यंत त्यांना हातही लावू नये. कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकणे हाच तिचा मुख्य उपाय असतो, आणि धापा टाकणारी कोंबडी धरून ठेवल्यास ती दगावू शकते.

आता अंड्यांविषयी. आजींचे म्हणणे खोटे नाही, सततच्या भीतीने अंडी देणे लांबते. परंतु गावरान तलंग साधारणपणे साडेपाच-सहा महिन्यांची झाल्याशिवाय अंडे देत नाही, त्यामुळे आपल्या पाखरांची वेळच अजून आलेली नाही. ती आली की एक गंमत दिसेल : आपण हात पाठीवर नेताच तलंग पंख किंचित पसरून खाली बसेल. अनेकांना तो जिव्हाळा वाटतो. वस्तुतः तिने कोंबड्यासाठीची तयारी दाखवलेली असते आणि पहिले अंडे जवळ आलेले असते.

संध्याकाळी खुराड्यात जाण्याच्या वेळी मात्र त्या अशाच ओरडत असतील, तर दोष आपल्याकडे नसून जाळीच्या बुडाशी येणाऱ्या मुंगसाकडे किंवा मांजराकडे असू शकतो. घारीसाठीची हाक लांब, बारीक किंचाळीसारखी असते आणि ती ऐकताच सगळ्या जागच्या जागी दबतात. जमिनीवरच्या शत्रूसाठी त्या तुटक, पुन्हा पुन्हा ओरडतात. एवढे कान देऊन ऐकले तरी बरेच कळते.

प्रश्न : माझा मित्र कोंबडीला उताणी झोपवून मिनिटभरात शांत करतो. ती हलतसुद्धा नाही. बुजऱ्या कोंबडीला माणसाळवण्याचा हा सोपा मार्ग आहे का?
— एक महाविद्यालयीन वाचक, बार्शी

उत्तर : नाही, आणि हा प्रयोग कृपया बंद करावा. उताणी पडलेली कोंबडी शांत झालेली नसून भीतीने थिजलेली असते. शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेला प्राणी मेल्याचे सोंग घेतो, त्यातलाच हा प्रकार आहे. आथानासियस किर्शर या जर्मन विद्वानाने १६४६ मध्ये कोंबडीच्या या अवस्थेचे वर्णन केले होते. आज पक्ष्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे लोक कोंबडी अशी किती वेळ पडून राहते यावरून तिची भीती मोजतात : जितका वेळ जास्त, तितकी भीती जास्त. आपल्या मित्राची कोंबडी हलतसुद्धा नाही, याचा अर्थ त्याने आता लावावा.

प्रश्न : आमचे घर यंत्रमागाच्या कारखान्याला लागून आहे. दिवसभराच्या खडखडाटाला आमच्या कोंबड्या मुळीच घाबरत नाहीत, पण गेल्या जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतील शोभेच्या दारूकामाच्या रात्री त्यांनी खुराड्यात हलकल्लोळ केला आणि त्यात एक कोंबडी दगावली. हे कसे?
— एक वाचक, सोलापूर पूर्व भाग

उत्तर : मागाचा आवाज एका लयीत, रोज आणि कोणतीही इजा न करता येतो, म्हणून त्या त्याला सरावल्या आहेत, उद्या माग अचानक बंद पडले तर कदाचित त्याच माना वर करतील. फटाक्याचा आवाज वर्षातून एकदा, विनासूचना आणि लखलखाटासह येतो. आपली कोंबडी बहुधा आवाजाने नव्हे, तर अंधारात कोपऱ्यात एकमेकींवर चढलेल्या बाकीच्यांच्या खाली गुदमरून गेली असावी. पुढच्या संक्रांतीला त्यांना दिवस मावळण्यापूर्वीच आत घ्यावे, खुराड्याला आकाशाच्या बाजूने गोणपाट लावून लखलखाट अडवावा पण वारा खेळता ठेवावा, आत अगदी मंद दिवा लावावा आणि कोपऱ्यांत पेंढ्याचे भारे तिरके दाबून बसवावेत, म्हणजे ढीग होण्यास जागाच उरणार नाही. ओळखीच्या माणसाने जवळ बसून हळू आवाजात बोलत राहिले तर ते उत्तमच, अर्थात त्यासाठी आपणांस दारूकाम सोडावे लागेल.

प्रश्न : शांत स्वभावाची जात कोणती घ्यावी?
— एक वाचक, मोहोळ

उत्तर : गिरिराज, वनराज यांसारख्या अंगाने जड जाती सावकाश आणि सोशिक असतात. व्हाइट लेगहॉर्न हलकी, भरपूर अंडी देणारी, पण पान हलले तरी उडणारी. कडकनाथ चपळ असून लवकर जवळ येत नाही. असील माणसाशी चांगला वागतो, मात्र दोन नर एकत्र ठेवण्याची चूक करू नये. तरीही जातीपेक्षा पहिले दोन-तीन आठवडे महत्त्वाचे असतात. त्या वयात रोज हाताळलेले पिल्लू कोणत्याही जातीचे असले तरी पुढे सुसह्य निघते.

प्रश्न : पिल्लू असल्यापासून मांडीवर वाढवलेला आमचा कोंबडा आता वर्षाचा झाला असून तो माझ्या आईच्या पायांवर झेप घेतो. इतके प्रेम दिले तरी असे का?
— एक वाचक भगिनी, पंढरपूर

उत्तर : इतके प्रेम दिले म्हणूनच. कोंबडी माणसाला भिणे सोडते तेव्हा ती हातावर येते. कोंबडा भिणे सोडतो तेव्हा कधी कधी तो माणसाला आपल्या कळपातला दुसरा कोंबडा समजतो. त्याला लाथ मारू नये, कारण ते त्याला आव्हान वाटते, आणि मागे पळूही नये, कारण तो विजय वाटतो. आईंनी जागेवर स्थिर उभे राहावे, हातातला सूप किंवा पाट त्याच्या आणि आपल्या मध्ये धरून शांतपणे त्याच्या दिशेने चालावे, आणि तो बाजूला सरकेपर्यंत थांबू नये. महिनाभरात फरक पडला नाही, तर घरात वृद्ध माणसे व लहान मुले आहेत हे लक्षात घेऊन त्याला रानात मोठा कळप बाळगणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याकडे द्यावे.