जाळीआड राहणाऱ्या नन दिवसभर करतात तरी काय?

तुमच्या मैत्रिणीची बहीण चांगली नोकरी सोडून कार्मेलाइट या कॅथॉलिक संघाच्या ननांच्या मठात गेली, आणि ती आता बाहेर येणार नाही हे ऐकून तुम्हाला प्रश्न पडलाय की हे जगापासून पळून जाणं नाही का, आणि या बायका आत दिवसभर करतात तरी काय.

माझी मावशी अशाच मठात आहे. तिला मी कळत्या वयापासून भेटीच्या खोलीतल्या जाळीपलीकडेच पाहत आलेय. त्यामुळे यातलं काही तिच्याकडून ऐकलेलं आहे, काही वाचलेलं.

शाळा-दवाखाने चालवणाऱ्या सिस्टर वेगळ्या आणि या वेगळ्या. यांचं मुख्य काम प्रार्थना, तेही मठाच्या आवारातच राहून. दवाखान्यासाठी, मतदानासाठी वगैरे बाहेर पडतात, पण सहज चक्कर मारून येऊ असं नाही.

आता पळून जाण्याबद्दल. ज्याला माणसांचा वैताग आलाय त्यानं चुकूनही तिकडे जाऊ नये. बाहेर आपण नकोसा माणूस टाळू शकतो. नोकरी बदलतो, घर बदलतो, फोन उचलत नाही. आत मोजक्या बायका, एकच जेवणघर, एकच चॅपेल, आणि तेच चेहरे मरेपर्यंत. आपल्या शेजारी कोण बसणार हेसुद्धा आपण ठरवत नाही.

फ्रान्समधल्या लिझ्यूची संत तेरेजा १८८८ साली पंधराव्या वर्षी कार्मेलमध्ये, म्हणजे कार्मेलाइट मठात, गेली आणि १८९७ साली, चोविसाव्या वर्षी, क्षयानं तिथेच वारली. तिच्या आठवणींत दिव्य दर्शनं शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही. ध्यानाच्या वेळी मागे बसून विचित्र आवाज काढत राहणारी एक सिस्टर मात्र भेटेल. तेरेजाला त्या आवाजानं अक्षरशः घाम फुटायचा. एकदाच मागे वळून बघावं, म्हणजे तिला कळेल, असं फार वाटायचं. ती वळली नाही. तो आवाज कान देऊन ऐकायचा आणि देवाला अर्पण करायचा, हीच तिची त्या तासाची प्रार्थना झाली. कपडे धुताना समोरची सिस्टर तोंडावर मळकं पाणी उडवायची, तिथेही हाच प्रकार. मला तरी कार्मेलमधलं आयुष्य समजून घ्यायला याहून चांगली जागा सापडलेली नाही. आणि गंमत बघा, आत गेल्यावर कधीच बाहेर न पडलेल्या या मुलीला पोपनं १९२७ मध्ये परदेशी जाणाऱ्या मिशनऱ्यांची आश्रयदाती संत ठरवलं.

दिनक्रम मठागणिक थोडा बदलतो. कार्मेलमध्ये दिवस पहाटे सुरू होतो. दिवसातून सात वेळा सगळ्या एकत्र येऊन स्तोत्रं म्हणतात किंवा गातात, रोज मिस्सा (कॅथॉलिकांची मुख्य सामुदायिक उपासना) असते आणि सकाळ-संध्याकाळ एकेक तास मूक ध्यान. मधल्या वेळात काम. स्वयंपाक, बाग, शिवण, आजारी सिस्टरांची सेवा हे तर असतंच, शिवाय पोटापाण्यासाठी मिस्सेच्या भाकरी भाजणं, धर्मगुरूंचे झगे शिवणं, मेणबत्त्या करणं. स्पेनमधले कित्येक मठ मिठाई विकतात. भिंतीत एक फिरतं लाकडी कपाट असतं, त्यात पैसे ठेवायचे, ते फिरतं आणि मिठाईचा डबा पुढ्यात येतो. करणारी दिसत नाही. काम शक्यतो न बोलता करायचं, आणि रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर तर सकाळपर्यंत पूर्ण मौन.

पण रोज दोनदा सगळ्यांनी एकत्र बसून गप्पा मारायच्या, हाही नियमच आहे. तो स्पेनमधल्या अव्हिलाच्या तेरेजानं घातला (ही दुसरी तेरेजा, तीनशे वर्षं आधीची, नावांचा हा गोंधळ सगळ्यांचाच होतो). ती आधी ज्या मठात होती तिथे शंभरावर बायका होत्या आणि पाहुण्यांची सतत वर्दळ. त्याला कंटाळून तिनं २४ ऑगस्ट १५६२ रोजी अव्हिलात सान होसे हा लहानसा मठ उघडला. आधी तेरा जणी पुरेत असं तिचं मत होतं, पुढे मर्यादा एकवीसवर गेली. सगळ्या एकमेकींना नीट ओळखतील इतक्याच. उदास चेहऱ्याच्या साधुत्वाचा तिला तिटकारा होता. मावशीच्या मठातला हसण्याचा आवाज बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत येतो.

यात जबरदस्ती तर नसेल ना, अशी शंका आली तर ती मात्र रास्त आहे, कारण इतिहास स्वच्छ नाही. १२९८ मध्ये पोप आठवा बोनिफेस यानं सर्व ननांवर बंदिवास, म्हणजे मठाबाहेर न पडणं, सक्तीचा केला, त्यात त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पुढे इटलीत लग्नाचा हुंडा परवडेना म्हणून मुलींना मठात ढकलणारी श्रीमंत घराणी होती. मठालाही हुंडा द्यावा लागे, पण तो कमी. सतराव्या शतकात व्हेनिसच्या आर्कांजेला ताराबोत्ती हिनं मठात राहूनच या प्रथेविरुद्ध संतापून लिहिलं. मुलीवर सक्ती करणाऱ्याला बहिष्कृत करण्याचा ठराव कॅथॉलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेनं १५६३ मध्येच केला होता. कागदावर.

आज उलट आत शिरणंच अवघड झालंय. व्हॅटिकनच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे अखेरच्या, म्हणजे आयुष्यभराच्या, व्रतांपर्यंत किमान नऊ वर्षं लागतात: आधी ओळखीचं एक वर्ष, मग उमेदवारीचं एक, नोव्हिशिएटची (व्रतांआधीच्या प्रशिक्षणाची) दोन आणि तात्पुरत्या व्रतांची निदान पाच. पुढच्या टप्प्यावर घ्यायचं की नाही यावर आतल्या सिस्टर मत देतात, त्यामुळे खूप इच्छा असलेलीलाही ‘तुझं पाचारण (देवाचं बोलावणं) इथलं नाही’ असं ऐकून परत यावं लागतं. तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की तिलाही निघून जायची मोकळीक असते. अखेरच्या व्रतांनंतर मात्र सोडायचं तर परवानगी थेट रोमहून आणावी लागते.

उपयोग काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो मनात असणारच. माझ्याही होता. मठाकडे रोज चिठ्ठ्या येतात, फोन येतात: कुणाचं ऑपरेशन, कुणाचा मुलगा बोलत नाही. या बायका त्या अनोळखी माणसांसाठी नावानिशी प्रार्थना करतात. प्रार्थनेनं काही होतं यावर तुमचा विश्वास नसेल तर हे सगळं आयुष्य वाया गेल्यासारखं दिसेल, आणि त्याला मधला मार्ग नाही. ‘मनःशांती मिळते’ वगैरे कारणं बाहेरचे लोक देतात. मावशीला तसं म्हटलं तर ती म्हणते, शांती हवी असती तर एकटी राहिले असते.

मैत्रिणीला सांगा, बहिणीला भेटता येईल, पत्रही लिहिता येईल. सुरुवातीची काही वर्षं भेटी कमी असतात, आणि नाताळाआधीचा आगमनकाळ व ईस्टरआधीचा उपवासकाळ बहुतेक मठ भेटी ठेवत नाहीत. जाण्याआधी मठाच्या प्रमुख मदर प्रायोरेसला कळवून वेळ ठरवावी. काही न्यायचं असेल तर एकटीपुरतं नेऊ नका, सगळ्यांना पुरेल एवढं न्या, कारण तिथे काहीच एकटीचं नसतं.