'रोजची भाकर' की 'उद्याची'?

खानापूरहून एकांनी विचारलंय : प्रभूच्या प्रार्थनेत आपण 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' म्हणतो (मत्तय 6:11). मूळ ग्रीकमध्ये 'रोजची' नसून 'उद्याची' आहे असं ऐकलं. खरं काय?

ऐकलंत ते निराधार नाही, पण छातीठोकपणे सांगण्यासारखंही नाही. त्या जागी ग्रीकमध्ये 'एपिऊसिओस' हे विशेषण आहे. अख्ख्या नव्या करारात ते दोनदाच येतं : इथे आणि लूक 11:3 मध्ये, म्हणजे याच ओळीत. अलेक्झांड्रियात ग्रीक बोलत वाढलेला, तिसऱ्या शतकातला बायबलचा भाष्यकार ओरिजेनसुद्धा म्हणतो की हा शब्द ना पंडितांच्या लेखनात आहे ना लोकांच्या तोंडी, शुभवर्तमानकारांनीच (म्हणजे येशूचं चरित्र लिहिणाऱ्या मत्तय, लूक यांनीच) तो घडवलेला दिसतो. मग आपण कोण लागून गेलो!

इजिप्तमधल्या एका जुन्या खर्चाच्या यादीत हा शब्द आहे, असं 1889 मध्ये छापून आलं आणि शंभरेक वर्षं अभ्यासक त्याचा हवाला देत राहिले. यादीचा कागद मधे गहाळ होता. 1998 मध्ये तो येल विद्यापीठाच्या संग्रहात सापडला, नीट वाचला, तर तिथे निघालं 'एलाइऊ', म्हणजे तेल. एकुलता एक बाहेरचा साक्षीदार असा तेलात गेला.

उरली व्युत्पत्ती. एक मत 'एपि' अधिक 'ऊसिया' (अस्तित्व) असं फोडतं : जगायला लागेल तेवढी भाकर. बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमने मत्तयात याच वाटेने 'सत्त्वापलीकडची' असा अर्थ दिला आणि लूकमध्ये त्याच शब्दाला सरळ 'रोजची' म्हटलं. एकच माणूस, दोन अर्थ. पण ग्रीकमध्ये पुढे स्वर आला की 'एपि'तला 'इ' सहसा गळतो, त्यामुळे 'एपूसिओस' व्हायला हवं होतं. दुसरं मत 'एपिऊसा'कडे जातं. 'येणारा', म्हणजे पुढचा दिवस. इथला 'इ' धातूचाच, म्हणून गळायचा प्रश्न नाही. प्रेषितांची कृत्ये 16:11 मध्ये 'दुसऱ्या दिवशी' म्हणायला हाच शब्द आहे. शिवाय एका जुन्या इब्री शुभवर्तमानात इथे 'माहार', म्हणजे 'उद्या' होतं, अशी नोंद जेरोमच करतो. माझा कौल या बाजूला.

यावर हमखास आक्षेप येतो : त्याच अध्यायात 'उद्याची चिंता करू नका' आहे, मग उद्याची भाकर मागायची कशी? मला यात अडचण दिसत नाही. संध्याकाळी मजुरी हातात पडते (मत्तय 20:8 मधल्या मळ्यातही तशीच पडते), तिच्यातून उद्याची चूल पेटते. आज मिळाली म्हणूनच उद्याची चिंता नाही. आणि मराठीत 'रोज' म्हणजे दिवसाची मजुरीसुद्धा. अनुवादकाच्या मनात असो-नसो, 'रोजची भाकर' म्हणताना तो अर्थ कानाला लागतोच.

आपल्या बेळगावकडे ही ओळ तीन भाषांत ऐकू येते. कन्नडमध्ये 'अनुदिनद आहार', कोकणीत 'दिसपट्टो गिरास', मराठीत 'भाकर'. गंमत म्हणजे अवघड शब्दावर तिघांचं एकमत, 'रोजचा'! फरक पडलाय तो 'आर्तोस' या साध्या शब्दात. आर्तोस म्हणजे पाव, आणि एकूण अन्नही. कन्नडने अन्न घेतलं, कोकणीने घास. आपल्या भाकरीत ताटातली जोंधळ्याची भाकरी आणि 'पोटाची भाकर' दोन्ही मावतात, म्हणून मला ती सर्वांत जमलेली वाटते.

विचारणाऱ्यांनी मत्तयाशेजारी लूक ठेवून पाहावा. तिथे ग्रीकमध्ये 'आज'ऐवजी 'दिवसेंदिवस' असा वेगळा शब्दप्रयोग आहे, म्हणून मराठीत 'रोजची भाकर रोज' अशी द्विरुक्ती होते. 'उद्याची भाकर रोज दे' असं वाचलं की ती उरत नाही.