उघडता येते का, एवढे आधी बघ

प्रिय चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची खोलीची छायाचित्रे मिळाली. कुणाच्या तरी घरून आलेले लिहिण्याचे जुने टेबल, वेताच्या बैठकीची खुर्ची, हातचा म्हणून हौसेने घेतलेला गालिचा आणि आता सुताराकडून करवून घ्यायचा पलंग, असा तुझा संसार मी नीट पाहिला. भेटायला आलेल्या कुणीतरी ‘यातले कशाशी काही जुळत नाही’ असे म्हटले आणि तेव्हापासून, सगळे विकून एकाच कारखान्यातला जुळता संच घ्यावा की काय, या विचाराने तू हैराण झाला आहेस. त्या गोंधळाबद्दल मला माया वाटते; पण प्रश्न तू चुकीचा विचारला आहेस, हे लिहिल्यावाचून राहवत नाही. जुळते की नाही हा शेवटी पाहायचा मुद्दा आहे. त्याआधी प्रत्येक वस्तूला एकच गोष्ट विचारायची असते: तू उघडतेस का? जी वस्तू उघडून दुरुस्त करता येत नाही, ती खोलीत आणायची नाही. माझा एवढाच नियम आहे आणि तो मी या पत्रात पुन्हापुन्हा सांगणार आहे, तेव्हा कंटाळू नकोस.

खुर्चीपासून सुरुवात कर. ती डुगडुगते अशी तुझी तक्रार आहे. मग तिला उलटी करून सतरंजीवर ठेव, एक पाय हातात धर आणि हलकेच आतबाहेर हलव. कुसू सालीत हलताना दिसले, म्हणजे पायाचे निमुळते टोक भोकात सैल झालेले दिसले, तर ही आनंदाची बातमी आहे. जुन्या खुर्च्या बहुधा जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने जोडलेल्या असतात आणि तो सरस ऊब व ओलावा मिळाला की मऊ पडतो. सांधा सोडवायचा, जुना सरस खरवडून काढायचा, नवा लावायचा आणि दोरीचा पीळ देऊन रात्रभर आवळून ठेवायचा. खुर्ची पुढची कित्येक वर्षे मुकाट्याने उभी राहते. वाईट बातमी वेगळीच असते. आधीच्या मालकाने सैल सांध्यात खिळे ठोकलेले असतील, तर लाकूड फाटलेले असते आणि तो सांधा सरळपणे सुटतही नाही. म्हणून जुनी खुर्ची घेताना डुगडुगीला भिऊ नकोस, ठोकलेल्या खिळ्यांना भी. लाकडात बारीक छिद्रे दिसली, तर वस्तू कागदावर ठेवून टिचकी मार. फिकट, ताजी भुकटी गळली तर आत कीड जिवंत असण्याची शक्यता मोठी, तेव्हा ती वस्तू आहे तिथेच राहू दे. जुन्या गाद्या आणि शिवणीत काळे ठिपके असलेले सोफे यांचा तर विचारही करू नकोस. ढेकणांशी तत्त्वचर्चा करता येत नाही.

वेताची बैठक फाटली म्हणजे खुर्ची संपली, असे समजणारे लोक मला समजत नाहीत. ती फाटण्यासाठी आणि पुन्हा विणण्यासाठीच असते. माझ्या खुर्चीची बैठक विणून देणाऱ्या वृद्ध कारागिराजवळ मी अनेकदा बसले. ओला वेत तो किती ताणतो आणि वाळताना तो स्वतःच कसा आवळतो, हे पाहत राहिले, पण हात कधी घातला नाही. आज ते हात नाहीत आणि मला ती वीण येत नाही, याची खंत आहे. तू मात्र विणणारा शोध आणि शेजारी नुसता बसू नकोस.

तुझ्या टेबलाच्या पृष्ठभागावर पांढरी वर्तुळे आहेत आणि ते तासून काढायचे तुझ्या मनात आहे. थांब. आधी टेबलाच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूवर स्पिरिटचा एक थेंब टाक. तिथले पॉलिश चिकट झाले तर ते लाखेचे आहे, आणि लाखेच्या पॉलिशचा गुण असा की नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. तासण्याची गरज बहुधा पडतच नाही. तासायचेच झाले तर वरचा थर अखंड लाकूड आहे की नुसता व्हीनिअर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, हे कडेला पाहून ठरव, कारण हल्लीचा व्हीनिअर बरेचदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो आणि पॉलिश पेपरच्या चार हातांत खालचे बोर्ड उघडे पडते. जुना रंग असेल तर कोरडा घासू नकोस. त्यात शिसे असू शकते आणि ती धूळ अंगात जाते. जवसाचे तेल लावलेस तर वापरलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नकोस, कारण ते तेल वाळताना उष्णता सोडते आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. त्या बाहेर मोकळ्या पसरून वाळव किंवा पाण्यात बुडवून ठेव.

आता गालिचा. ‘हातचा’ या तीन अक्षरांवर तू इतका भाळलास की तो उलटून पाहिला नाहीस. उलट. पाठीमागे गाठी दिसत असतील, पुढची नक्षी मागेही ओळखू येत असेल आणि कडेची झालर म्हणजे ताण्याचेच, विणीतल्या उभ्या धाग्यांचेच, सुटे धागे असतील, तर तो गाठींचा गालिचा आहे. झिजलेली जागा जाणकाराला पुन्हा गाठी मारून भरता येते. मागे कापड डकवलेले असेल, तर धागे नुसते टोचून लॅटेक्सने, म्हणजे रबरी चिकाने, चिकटवलेले आहेत. तेही हातानेच टोचलेले असतात, म्हणून विकणारा खोटे बोलत नाही. पण ते लॅटेक्स काही वर्षांनी भुगा होऊन गळू लागते आणि तेव्हा करण्यासारखे फारसे उरत नाही. हातची वस्तू आहे म्हणून तिला नियमातून सूट नाही. राळेत कायमचा बंद केलेला हातचा दिवा आणि त्यात न बदलता येणारा बल्ब, असले काही कितीही देखणे असले तरी मी घरात घेत नाही. त्याच कारागिराला साधा, सर्वत्र मिळणारा होल्डर बसवायला सांग. चांगला कारागीर रागावत नाही.

याच न्यायाने मी कारखान्यालाही शिव्या देत नाही. मिखाएल थोनेट या फर्निचर कारखानदाराची 1859 सालची 14 क्रमांकाची खुर्ची हा पक्का कारखान्याचा माल होता: वाफेवर वाकवलेल्या लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. सुटी होऊन आली म्हणूनच ती पुन्हा सुटी करता येते, आणि म्हणूनच अशा जुन्या खुर्च्या आजही वापरात सापडतात. माझे भांडण आहे ते भुशाच्या दाबलेल्या बोर्डाशी. त्यातून स्क्रू एकदा निघाला की त्याच भोकात तो पहिल्यासारखा पकडत नाही आणि पाण्याने फुगलेली कड परत बसत नाही. अखंड लाकडात तेच भोक सैल झाले तर सरसात बुडवलेल्या दोन-तीन काड्या खुपसून पुन्हा स्क्रू फिरवता येतो. हा फरक ज्याला दिसत नाही, त्याने खुशाल जुळता संच घ्यावा.

माझ्या या हट्टापायी माझ्याकडे पुस्तकांचे कपाट कित्येक वर्षे आलेच नाही. पुस्तके भिंतीलगत जमिनीवर होती, पाहुणे त्यांना अडखळत, आणि घरच्यांनी हे सगळे माझ्यापेक्षा जास्त सोसले, हे मान्य करायला हवे. तरी मी म्हणेन की ते वाट पाहणे बरोबर होते. ज्यांनी त्या काळात झटपट कपाटे घेतली, त्यांच्या फळ्या मधोमध वाकल्या आणि फेकल्या गेल्या. माझे उशिरा आलेले कपाट अजून सरळ आहे, कारण फळीचा आधार दर 60 सेंटीमीटरला असावा आणि प्रत्येक फळी सुटी निघावी, यावर मी सुताराशी वाद घातला होता. तू माझ्यासारखे इतके ताणू नकोस, असे सगळे तुला सांगतील. मी सांगणार नाही.

जुळण्याबद्दल दोन वाक्ये लिहिते, कारण तू विचारले आहेस. टेबल आणि शेजारचे बैठे कपाट यांच्या वरच्या कडा शक्यतो एका रेषेत आण, एखादा रंग खोलीत दोन-तीन ठिकाणी पुन्हा येऊ दे, आणि चालायला 75 ते 90 सेंटीमीटरची वाट मोकळी ठेव. बाकीचे डोळ्यांना सवयीने जुळते.

पलंगाचा नमुना मात्र मला अजिबात आवडला नाही. चौकट, डोक्याकडची फळी आणि खालचे कप्पे असे सगळे एकसंध चिकटवून, वर लॅमिनेट मारून देतो, असे तुझा सुतार म्हणतो. ते तुझ्या दारातून आत जाईल कसे, आणि घर बदलशील तेव्हा बाहेर येईल कसे? त्याला सांग की डोक्याकडची फळी, पायांकडची फळी आणि बाजूचे दोन दांडे असे चार भाग हवेत, ते बोल्टने जोडले जावेत आणि बोल्ट आवळण्याची जागा हाताला पोहोचेल अशी असावी. मोठ्या पलंगाला मधे एक उभा आधार हवा. खालच्या पट्ट्या सुट्या ठेवायला लाव, म्हणजे एखादी मोडली तर तेवढीच बदलेल. फोमची गादी असेल तर दोन पट्ट्यांमधले अंतर सात-आठ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. गादी आधी घे, स्वतः मोज, मगच चौकटीचे माप दे आणि चादर खोचायला बाजूंनी थोडी जागा सोड. लिफ्ट, जिना आणि दार यांचीही मापे त्याच कागदावर लिही.

सुतार म्हणेल की बोल्टचा पलंग करकरतो. सैल झाला की करकरतो, हे खरे आहे. पाना घेऊन आवळला की थांबतो. चिकटवलेला पलंग करकरू लागला तर तो काय करणार आहे, हे त्याला विचार आणि त्याचे उत्तर मला कळव. नवा आराखडा आला की आगाऊ रक्कम देण्याआधी मला पाठव, आणि त्यात प्रत्येक बोल्ट कुठे येतो ते दाखवलेले असू दे.

तुझी,
मावशी