ठाण्यात 10 दिवसांचं उन्हाळी फिल्ममेकिंग शिबिर: नववीत जाणाऱ्या मुलीला पाठवावं का?

तुम्ही फीबद्दल विचारलंय, सर्टिफिकेटबद्दल विचारलंय, आणि शेवटी लिहिलंय, "मागच्या वर्षीच्या मुलांची फिल्म आम्हाला दाखवली, फारच छान होती, त्यावरून शिबिर चांगलं असावं ना?" त्या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसलो. फिल्म छान होती यावरून शिबिराचं काहीही कळत नाही. मी अशा एका शिबिरात शिकवलंय.

मी साउंड रेकॉर्डिस्ट आहे. घोडबंदर रोडला मालिकांच्या सेटवर दिवसाचे बारा तास कानाला हेडफोन असतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात ठाणे पश्चिमेला एका शिबिरात आवाज शिकवायला गेलो होतो. नाव सांगत नाही. 18 मुलं, तीन गट. पहिल्याच सकाळी कामं वाटली. जास्त बोलणारा दिग्दर्शक, ज्याच्याकडे महागडा मोबाईल तो कॅमेरामन, दिसायला बरी ती मुलं नट. उरलेल्यांना सांगितलं, "तुम्ही साउंड." मला तेव्हाही याचा संताप आला होता आणि आजही येतो.

त्या उरलेल्यांत कोपरीची एक मुलगी होती, तेरा वर्षांची. तीन दिवस ती एक अक्षर बोलली नाही. चौथ्या दिवशी मी सगळ्यांना घरातले आवाज रेकॉर्ड करून आणायला सांगितले. बाकीच्यांनी कुकरची शिट्टी आणली, पंखा आणला, कुणी शेजारचा कुत्रा. हिने दोन फाईली आणल्या. एकीत घर, आणि मधूनमधून धडधडत जाणारी लोकल, कारण यांची खोली रुळांना लागूनच. दुसरीत नुसतं घूं. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "सर, आजी कानाचं मशीन काढते ना, तेव्हा तिला असं ऐकू येतं." मोबाईल गोधडीत गुंडाळून पाण्याच्या रिकाम्या पिंपात ठेवला होता. रेकॉर्ड करायचं, आजीला मशीन लावून ऐकवायचं, आजी "असं नाही" म्हणाली की गोधडीची अजून एक घडी. तिसऱ्या घडीला आजी हो म्हणाली. जाड कापड वरच्या पट्टीचे आवाज गिळतं आणि खालची घरघर तेवढी आत जाते, हे मी मुलांना सहाव्या दिवशी शिकवणार होतो.

तिच्या गटाने ठरलेली भुताची गोष्ट टाकून दिली. नवी फिल्म चार मिनिटांची. दुपारी आजी घरात एकटी. लोकल जाते, मांडणीवरची भांडी थरथरतात, खडखडतात. आजी मशीन काढून फळीवर ठेवते. पुन्हा लोकल जाते, भांडी तशीच थरथरतात, पण आता खडखड नाही, धडधड नाही. फक्त तिचं ते घूं. 22 सेकंद.

आमच्या धंद्यात गाडीचा आवाज म्हणजे टेक वाया. 1931 साली 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट झाला, तो स्टुडिओ रेल्वेमार्गाजवळ होता, त्यामुळे बरंचसं शूटिंग रात्री गाड्या थांबल्यावर करावं लागलं. आणि ही मुलं कोपरीच्या दहा बाय बाराच्या खोलीत, भर मे महिन्यात पंखा बंद करून, गाडी कधी येते याची वाट बघत बसली होती. सात टेक झाले. त्याआधीचा अख्खा दिवस तर फुकट गेला होता, कारण मोबाईलच्या चित्रात ट्यूबलाइट लुकलुकत होती. आपली वीज 50 हर्ट्झची आणि मोबाईल सेकंदाला 30 फ्रेमवर, म्हणजे 30 चित्रांवर, दोघांचा मेळ बसत नाही. 25 फ्रेम आणि 1/50 सेकंदाचं शटर लावल्यावर ते थांबलं. कॅमेऱ्यावरचा मुलगा रडकुंडीला आला होता. ही चूक तो पुन्हा करणार नाही.

मग शेवटच्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री आयोजकांनी बाहेरचा एडिटर बसवला. त्या 22 सेकंदांवर बासरी आणि व्हायोलिन घातलं. "आवाज गेला तर पालकांना वाटेल स्पीकर बंद पडला." मी ते रात्री अकरा वाजता एडिटरच्या स्क्रीनवर पाहिलं आणि बोललो नाही. माझं मानधन अजून यायचं होतं. हे मला अजून टोचतं.

दुसऱ्या दिवशी टाळ्या खूप पडल्या. आजी पहिल्या रांगेत मशीन लावून बसली होती. दिवे लागल्यावर तिने नातीला विचारलं, "अगं, आपलं ते कुठं गेलं?" मुलगी मान खाली घालून बसून राहिली.

सगळे गेल्यावर मी भांडलो. तेव्हा त्याचा कुणाला काय उपयोग? आयोजक म्हणाले, "तेरा वर्षांच्या मुलीला वाटलं म्हणून मी चाळीस पालकांना नाराज करू?" मला उत्तर सुचलं नव्हतं. आज देतो. हो, करायचं. दोन पालक उठून स्पीकर बघायला गेले असते तर जाऊ द्यायचे होते. मुलीने घरी बसून, आजीला विचारून शोधलेली गोष्ट होती ती, आणि दहा दिवस आम्ही दुसरं काय शिकवत होतो?

तर तुमच्या शिबिरवाल्यांना फोन करा आणि विचारा, एडिटिंग कोण करतं? "आमचे प्रोफेशनल एडिटर" असं अभिमानाने सांगितलं तर पैसे भरू नका. तुम्ही पाहिलेली छान फिल्म त्या एडिटरची आहे. डाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, नववीतली मुलगी दोन दिवसांत जोडकाम शिकते. वाकडं होईल, तेच दाखवू द्यावं. शिवाय विचारा, प्रत्येक मुलाला सगळी कामं करायला मिळतात का, की पहिल्या दिवशी चिकटलेलं काम दहा दिवस.

सर्टिफिकेटचं मनातून काढून टाका. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेत दिग्दर्शन, संकलन वगैरे मुख्य अभ्यासक्रमांना पदवी लागते, शाळेतलं सर्टिफिकेट तिथे कुणी बघत नाही.

सगळेच आयोजक असे नसतात हेही सांगायला हवं. हॉलचं भाडं, भाड्याचे माइक, मुलांचं खाणं, आणि "माझा मुलगा पडद्यावर दोनदाच दिसला" म्हणणारे पालक, हे सगळं त्यांना सांभाळावं लागतं. काही मुलं नुसती मित्र मिळवायला येतात, त्यांच्यासाठी दहा दिवस मजेत गेले तरी पुरे.

मूळ फिल्म मी त्या रात्रीच पेनड्राइव्हवर घेतली होती, ती नंतर तिच्या आईला नेऊन दिली.

तुमच्या मुलीला पाठवलंत तर पहिल्या सकाळी हात वर करून साउंड मागून घे म्हणावं. आणि हेडफोन घरूनच द्या, वायरचा. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो.