अंतर 110 किलोमीटर, मग 38 मिनिटं कशाला?

प्रश्न: आम्ही कोल्हापूरचे. मुलीचं सासर परुळ्याला, चिपी विमानतळाच्या शेजारीच. गाडीने घाट उतरून जायला चार तास मोडतात. कोल्हापूरहून चिपीला विमान सुरू झालं तर किती वेळ लागेल, म्हणून सहज नेटवरच्या कॅल्क्युलेटरवर पाहिलं. सरळ अंतर 110 किलोमीटर, वेळ 38 मिनिटं! नातू म्हणतो, एटीआर विमान (ते लहान, पंख्यांचं) ताशी 500 किलोमीटर जातं, म्हणजे 13 मिनिटं बास. कोणाचं खरं मानायचं?

उत्तर: नातवाचा भागाकार चोख आहे, पण विमान काही उडी मारून 500चा वेग पकडत नाही. चढताना एटीआर ताशी 300च्या आसपास असतं. तुमच्या 110 किलोमीटरमध्ये ते चढतं, सह्याद्री ओलांडतं आणि लगेच उतरायला लागतं. सपाट पळायला जागाच कुठे आहे?

त्या 38चं गुपित सांगते. असे बरेच कॅल्क्युलेटर मोठ्या जेटचा वेग धरतात, ताशी 800 किलोमीटर. त्याने आली 8 मिनिटं. वर उड्डाण-उतरणीची म्हणून सरसकट 30 मिनिटं चढवतात. झाली 38. मुंबई-दिल्लीला हा ठोकताळा बरा चालतो. लहान अंतराला त्याचं हसं होतं.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. तिथे वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे अशी नेहमीची विमानसेवा 1967 पासून आहे. अंतर 2.7 किलोमीटर. मुंबईची मोठी धावपट्टीसुद्धा याहून लांब, सुमारे 3.4 किलोमीटर! वेळापत्रकात 2 मिनिटं लिहिलेली, वारा बरा असला तर दीडच मिनिट, आणि विक्रम आहे 53 सेकंदांचा. विमान आयलंडर, दोन पंख्यांचं, एका वैमानिकाचं. त्याच्या शेजारच्या खुर्चीतही प्रवासी बसतो. तिथे कॅल्क्युलेटर अर्धा तास सांगणार!

तुमच्या बाबतीत मात्र त्याचा नेम चुकून लागलाय. मी विमान कंपनीत एकतीस वर्षं डिस्पॅचला, म्हणजे उड्डाणांची आखणी करणाऱ्या विभागात काढली. आम्ही वेळ मोजायचो ती चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंत. तिकिटावरही तीच असते, वर उशिराची थोडी सोय धरून. लहान विमानतळावर बहुधा धावपट्टीला समांतर रस्ता नसतो. मग विमान धावपट्टीवरूनच टोकाला जातं, तिथे वळतं आणि मग उडतं. उतरल्यावर कधीकधी पुन्हा तोच प्रकार. शिवाय विमान वाऱ्याच्या तोंडाला उतरवतात. चिपीला वारा समुद्रावरून असेल तर तुम्ही पूर्वेकडूनच येताय, काम सोपं. उलटा असेल तर समुद्रावर जाऊन वळून यायचं. पाच-सात मिनिटं गेलीच. (खिडकीजवळ बसलात तर ती वसूल होतात म्हणा.) असं सगळं धरून माझा अंदाज 35 ते 40 मिनिटांचा.

त्यात उजळाईवाडीच्या विमानतळापर्यंतचा रस्ता, दीड तास आधीची हजेरी आणि बॅगांची वाट मिळवा. अडीच-तीन तास होतात. आणि फोंडा घाटात चहाला थांबता येतं, एवढं गाडीच्या बाजूने बोलते.